पास कुणी दिला?

बी.ए.चा निकाल लागून आठ दिवस झाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच, त्यामुळे निकालावर काय बोलायचं असतं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, "म्हंजे आता संपलं न्हवं?" वडील गूळ मार्केटात हमाली करतात, त्यांनी तिथल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि कुणी विचारलं, की "इंग्रजीतला हाय" एवढंच सांगितलं. कॉलेजातल्या सरांनी वर्ग कितवा ते विचारलं. मामा इथं असते तर त्यांनी एकच गोष्ट विचारली असती. "पास झालास व्हय? कुणी दिला?"

मामा गुडघा गेल्यापासून शाहूवाडीकडं बहिणीच्या गावी राहतात. पुढच्या रविवारी त्यांना निकाल सांगायला जायचं आहे. त्यांच्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं ते अजून जमत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. नीट जमेल की नाही ते माहीत नाही.

हे मामा माझे मामा नव्हेत. आमच्या पेठेच्या तालमीचे ते सेंटर फॉरवर्ड. लग्न झालेलं नव्हतं, वय तीसच्या आत, तरी सगळी पेठ त्यांना मामाच म्हणायची. इतर गावांत तालीम म्हणजे कुस्तीचा हौदा असेल. आमच्याकडं कोल्हापुरात तालमीचा गणपती असतो, तालमीची भांडणं असतात आणि तालमीचा फुटबॉलचा संघ असतो. मी उचगावहून कॉलेजसाठी आलो तेव्हा राहायला जागा नव्हती. तालमीच्या माडीवर फुकट झोपायला मिळालं, ते एका अटीवर: तालमीचे अर्ज, पत्रं, वर्गणीच्या पावत्या मी लिहायच्या. पुढं मी बरा पळतो असं दिसल्यावर मला लेफ्ट आऊटला, म्हणजे डाव्या कडेला, उभंही केलं. सगळे मला 'कॉलेज' म्हणत.

माझी पहिलीच मॅच. डाव्या बाजूनं बॉल घेऊन पळालो, समोर धिप्पाड फुलबॅक आला, आणि खरं सांगायचं तर घाबरून मी बॉल मध्ये ढकलून दिला. मामांनी तो गोलात घातला. मैदान उठून उभं राहिलं. टोप्या उडाल्या. मामा पळत सुटले ते थेट माझ्याकडं. मला वाटलं मिठी मारतील. ते वाकले आणि दोन्ही हातांनी माझ्या पायांना शिवले.

मी उडी मारून मागं सरकलो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस, सगळ्या कोल्हापूरसमोर! माझे कान तापले, पुढची दहा मिनिटं बॉल कुठं आहे तेच मला दिसत नव्हतं. मॅच संपल्यावर तालमीतल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना झापलं.

"पोराच्या पाया पडतोस? लाज वाटत न्हाय?"

"पोराच्या कुठं पडलो? ज्या पायानं बॉल दिला त्या पायाला शिवलो."

"आन गोल कुणी केला?"

"मी नुसता शेवटाला उभा हुतो की."

मागाहून कळलं, की हे ते प्रत्येक गोलनंतर करत. कुणाचीही पर्वा न करता. किती गोल झाले विचारलं तर त्यांना आठवत नसे. पास कुणाचा होता ते मात्र तीन वर्षांपूर्वीच्या मॅचचंही सांगत. आणि ही खोड मैदानात संपत नव्हती. कुणाच्या अंगावर नवा सदरा दिसला, "कुणी दिला?" कुणाचं लग्न ठरलं, "कुणी जमवलं?" मी इंटरची परीक्षा पास झालो तेव्हा पहिल्यांदा तो प्रश्न माझ्या वाट्याला आला. मी जरा फुशारकीनं म्हणालो, "मामा, परीक्षेत पास कुणी देत नाही. आपण व्हायचं असतं."

त्यांनी माझ्याकडं खरोखर काळजीनं पाहिलं. "आपला आपण पास? ते कसं जमतंय लगा? मग तो बॉल जातोय कुणाकडं?"

त्यांच्याकडं बूट होते. चांगले, कातडी, पुण्याहून आणलेले. तालमीच्या ओसरीत खिळ्याला टांगलेले असत, आणि दर शनिवारी मामा त्यांना तेल लावत. घातले मात्र कधी नाहीत. इतर संघ हळूहळू बुटांवर आले तरी मामा अनवाणीच. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "बूट घातलं की पाय ऐकायचं बंद करतोय." मग तेल कशाला? "त्याचा काय गुन्हा हाय?"

मुंबईच्या एका गिरणीच्या संघाचा माणूस त्यांना न्यायला आला होता, त्या दिवसाची गोष्ट पेठेत अजून निघते. कोट घातलेला, घामाघूम. दोनशे रुपये पगार आणि राहायला खोली. तो आकडा ऐकून तालमीत जमलेली माणसं जरा पुढं सरकली. मामांनी पाहुण्याला मिसळ खायला घातली, पाणी पाजलं आणि विचारलं, "पावणं, तुमच्याकडं लेफ्ट आऊटला कोण असतोय?"

"असतील कुणी तरी. तुम्ही आलात की झालं. स्टार तुम्ही."

"त्याला किती पगार?"

"पन्नास-साठ असेल."

"मग न्हाय जमत."

"का?"

"दोनशेवाल्याला साठवाला बॉल कशाला दील? तुमी दिला असता?"

माणूस हसला. मामा हसले नाहीत. तो माणूस हसणं आवरून टॅक्सीत बसला, आणि पेठेनं डोक्याला हात लावला. पुढं महिनाभर चौकात एकच बोलणं. "दोनशे सोडलं! नावाचा मामा, आन खरंच मामा झाला की!" मलाही राग आला होता. दोनशे रुपयांत काय काय होतं याचा हिशेब मी माडीवर पडून करायचो. माझ्या वडिलांच्या पाठीवरच्या किती ढेपा होतात त्यात.

आता एक साधी गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आकडे ते विसांनी मोजत, आणि पाऊण आणि सव्वा यांत त्यांचा हमखास घोटाळा व्हायचा. एकदा मॅच पावणेचारची होती. मामांनी घरोघरी जाऊन सव्वाचार सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा समोरचा संघ शेंगा खात बसला होता आणि रेफरी घरी जायला निघाला होता. तेव्हापासून तालमीत नियमच झाला: मामा पाऊण किंवा सव्वा म्हणाले की दोनदा विचारायचं.

संस्थान विलीन झालं त्यानंतरची ही गोष्ट. आमच्यातले तिघं-चौघं राजवाड्याकडं कामाला होते. कुणी बागेत, कुणी पागेत. आमचा गोली, म्हणजे गोलकीपर, सदा मोटारखान्यात गाड्या पुसायचा. विलीनीकरणानंतर ही कामं एकेक करून गेली. सदा आठ महिने घरी होता. त्याला दोन लहान मुली. मेहुणा त्याला मुंबईला बोलावत होता, आणि सदा गेला की तालमीचा संघ मोडला, हे आम्हांला न बोलता कळत होतं. मामा स्वतः एका फौंड्रीत साच्याची माती मळत.

त्या वर्षी गावाबाहेरच्या एका सूत गिरणीनं फुटबॉलचा संघ करायचं ठरवलं. साहेबाला मामा हवे होते. मामा म्हणाले, मी येतो, पण आमच्या पोरांना घेऊन. साहेबाकडं त्या खात्यात ठरावीक रक्कम होती. मामांना सव्वाशे आणि आणखी तिघांना पन्नास-पन्नासवर काम, एवढं त्यात बसत होतं. अर्ज लेखी द्या, पगाराच्या अपेक्षेसकट, असं साहेबानं सांगितलं. सव्वाशेचा आकडा पेठेत सगळ्यांना माहीत झाला होता.

शनिवारी दुपारी मी ओसरीत मामांचा अर्ज लिहायला बसलो. मामा बुटांना तेल लावत होते.

"पगाराची अपेक्षा किती लिहू?"

"पाऊणशे लिव."

"सव्वाशे ना मामा?"

"पाऊणशे."

नियमाप्रमाणं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी पाऊणशेच सांगितलं. पण मला पावणेचारची मॅच आठवत होती, मुंबईचे दोनशे आठवत होते. मनात आलं, हा भोळा माणूस परत फसतोय, आणि लिहिता येणारा माणूस शेजारी बसून ते होऊ देणार काय? मी अर्जात लिहिलं, रुपये सव्वाशे फक्त. कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तेलाचा हात धोतराला पुसला आणि अंगठा दिला. वाच म्हणाले नाहीत.

मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही. कॉलेज शिकल्याचा आज कुणाला तरी उपयोग झाला असं वाटलं.

पुढच्या शनिवारी गिरणीच्या फाटकावर यादी लागली. मामा आणि तिघं. सदाचं नाव नव्हतं.

संध्याकाळी तालमीत आम्ही सगळे होतो. सदा आत आला तो चपला न काढता. सदा कधी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी तो मामांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेबासमोर तुझ्यापुरतं पाऊणशे म्हणालास. वरचे पन्नास सदाला द्या म्हणालास. मला बी सांगितलंस, कुणाला बोलू नगं, तुझी जागा झाली. आन कागदावर सव्वाशे? कारकुनानं दाखवला मला कागद. अंगठा हाय तुझा!"

पाऊणशे. म्हणजे त्यांना पाऊणशेच म्हणायचं होतं. सव्वाशेतून पन्नास गेले की पाऊणशे उरतात, आणि ते पन्नास म्हणजे सदाची नोकरी होती.

"बोल की!" सदा ओरडला. "मुंबईचं दोनशे सोडून मोठा झालास, आन घरच्या घरात मामा बनवलास मला!"

मामांनी एकदा, फक्त एकदाच, माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. मी बोलायला हवं होतं. मी मान वळवून खिळ्यावरच्या बुटांकडं पाहत राहिलो.

"अंगठा माझाच हाय," मामा म्हणाले.

सदा थुंकला आणि निघून गेला. मागोमाग बाकीचे उठले. सोमवारी दुपारच्या गाडीनं सदा मुंबईला जाणार हे जाता जाता कुणीतरी सांगितलं. ओसरीत मामा आणि मी, आणि खिळ्याला ते बूट.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. माझ्या वडिलांनी एकदा न वाचलेल्या कागदावर अंगठा दिला होता. वाटणीचा कागद होता, चुलत्यानं आणलेला. त्यात आमची गोठ्याची जागा गेली. त्या दिवशी वडील आईला म्हणाले, पोराला शाळेत घालायचा, अंगठ्याच्या आधी वाचणारं घरात कुणीतरी पायजे. मी शिकलो तो त्यासाठी. आणि मी काय केलं होतं? अंगठ्याच्या वर भलतंच लिहिलं होतं. चुलत्यानं लोभानं केलं, मी मायेनं केलं, पण कागदाला त्यातलं काय कळतं?

"मामा," मी कसाबसा म्हणालो, "माझं नाव का नाही सांगितलंत?"

"उद्या मॅच हाय न्हवं?"

"आहे."

"लेफ्ट आऊटला कोण?"

"मी."

"तुझं नाव सांगितलं असतं तर उद्या तुला बॉल कोण दिला असता?"

"पण आता तुम्हांला कुणी देणार नाही."

"न्हाय देनात. मी हाय तिथं उभा ऱ्हाईन. तू पोरगं हाईस. चार दिवस बॉल न्हाय आला की तू तालीम सोडशील, आन मग कॉलेज बी सोडशील." मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "सदा गोली हाय. बॉल त्याच्यापासनं सुरू हुतोय. मी त्याचं पन्नास खाऊन म्होरं उभा ऱ्हायलो, तर त्यो बॉल टाकील कुणाला?"

त्यांच्या आवाजात त्याग वगैरे काही नव्हतं. साच्याला माती किती ओली लागते ते सांगावं तसं ते सांगत होते. मला सगळ्यात मोठा धक्का याचा बसला. मुंबईच्या माणसाला ते चेष्टेनं बोलले असं आम्ही वर्षभर समजत होतो. त्यांना ते अगदी खरं वाटत होतं.

रविवारची मॅच. सदा शेवटची मॅच म्हणून उतरला. पहिला अर्धा मी कधी विसरणार नाही. मामा मधल्या रेषेवर हात वर करून उभे. आमच्या मधल्या फळीतल्या हाफनं बॉल घेतला, मामांकडं पाहिलं आणि उजवीकडं मारला. सदानं गोलातून बॉल उचलला, मामा मोकळे होते, त्यानं बॉल थेट बाहेर लाथाडला. एकदा, दोनदा, दहादा. लोकांना आधी काही कळेना. मग कळलं, आणि एवढं मोठं मैदान गप्प झालं. कोल्हापुरात मॅच चालू असताना मैदान गप्प झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी एकट्यानं दोनदा त्यांच्याकडं बॉल दिला, पण मध्येच कुणीतरी काढून घेतला. मामा हात खाली करत नव्हते.

हाफटाइमला सगळे लिंबू चोखत खाली बसले. मामा लांब, एकटे. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते मनाशी जुळवलं होतं, ते सगळं विसरलो.

"मामांनी पाऊणशेच सांगितलं होतं," मी म्हणालो. "दोनदा सांगितलं. मी सव्वाशे लिहिलं. मला वाटलं त्यांचं चुकतंय. त्यांना माहीत नव्हतं."

सदाच्या हातातलं लिंबू खाली पडलं. "तू?" तो म्हणाला. "कॉलेज, तू?"

कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं. कुणी मारलं नाही. उजव्या बाजूचा हाफ, जो मला रोज सायकलवर डबलसीट घ्यायचा, माझ्याकडं असा पाहत राहिला, की जणू मी कुठल्या तरी दुसऱ्या गावचा आहे. सदा उठला, लांब बसलेल्या मामांकडं गेला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. सदानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकल्याचं तेवढं दिसलं.

दुसऱ्या अर्ध्यात बॉल मामांकडं पाण्यासारखा जाऊ लागला. सदाच्या हातून, हाफच्या पायातून. मामांनी एक गोल केला आणि पळत जाऊन सदाच्या पायाला शिवले. आणि मामा म्हणाले होते तसंच झालं. माझ्याकडं एकही बॉल आला नाही. मी रेषेला धरून पळत होतो, थांबत होतो, परत पळत होतो. मोकळा होतो. कुणी पाहत नव्हतं. वीस मिनिटांत मला समजलं, की माणूस मैदान कसं सोडतो. एकदा मी बाहेर माझ्या चपलांकडं पाहिलंसुद्धा.

शेवटी शेवटी मामा दोघांना चुकवून गोलासमोर आले. पुढं फक्त समोरच्या संघाचा गोली. आंधळ्यानंही गोल केला असता. मामांनी मान वर केली, डावीकडं पाहिलं आणि बॉल माझ्यापुढं सरकवला. मारला नाही, सरकवला, मी जिथं पोचायला हवं होतं तिथं. मैदानातून "आरं!" असा एकच आवाज आला.

मी सगळी ताकद लावून मारला. बॉल खांबाच्या हातभर बाहेरून गेला.

लोक हसले, शिव्या दिल्या. आमचाच हाफ म्हणाला, "लिवता येतंय, मारता येत न्हाय." पण ते तो मला म्हणाला. माझ्याशी बोलला. पुढच्या वेळी बॉल त्याच्याकडं आला तेव्हा त्यानं तो मला दिला.

सोमवारी सकाळी मी आणि मामा गिरणीत गेलो. सदा फाटकाबाहेर पिंपळाखाली ट्रंकेवर बसून होता. दुपारची गाडी होती. साहेबासमोर मी सगळं सांगितलं. त्यानं जुना अर्ज काढला, माझं अक्षर पाहिलं, मग मला पाहिलं.

"लिहिणारा तूच? कॉलेजात आहेस ना?"

मी हो म्हणालो. त्यानं अर्ज उलटा करून बाजूला ठेवला, ते जास्त लागलं. मग म्हणाला, गोलीची जागा अजून भरलेली नाही. पाऊणशेचा अर्ज आत्ता द्या, मी अर्ध्या तासात मिरजेला निघतोय.

बाहेर कारकुनाच्या टेबलाशी आम्ही बसलो. कारकुनानं एक कोरा कागद आणि शाईची गादी पुढं सरकवली. मी म्हणालो, "मामा, मी आधी लिहितो. मग मोठ्यानं वाचून दाखवतो. हे कारकूनसाहेबही ऐकतील. तुमची खात्री झाली की मग तुम्ही..."

मामांनी तोवर अंगठा गादीवर टेकवला होता. त्यांनी तो कोऱ्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात दाबला, नीट, घाई न करता.

"अहो!" कारकून खुर्चीतून उठला. "कोऱ्या कागदावर? काय करताय काय?"

मामांनी बोटानं तो कागद टेबलावरून माझ्याकडं ढकलला, जरासा पुढं, हात लांब करून घ्यावा लागेल असा.

"घे," ते म्हणाले. "ह्यो तरी बाहेर मारू नगंस."